हे कोणाकडे पाठवायचं?

माझा पहिला बग रिपोर्ट आठ महिने पडून होता. लॅपटॉप सस्पेंडमधून जागा झाला की टचपॅड मेलेला असायचा. बोट कितीही फिरवा, कर्सर जागचा हलायचा नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की मग जिवंत. रिपोर्ट मी मन लावून लिहिला होता. कोणती आवृत्ती, कोणतं मॉडेल, काय केल्यावर होतं, दहातून किती वेळा होतं, सगळं. तेव्हा वापरत होते त्या लिनक्स वितरणाच्या बगट्रॅकरवर तो टाकला आणि वाट बघत बसले. पहिल्या महिन्यात दोघांनी खाली लिहिलं, ‘मलाही हाच त्रास होतोय.’ तिसऱ्या महिन्यात आणखी एकाने. आठव्या महिन्यात एक स्वयंचलित संदेश आला की ही आवृत्ती आता सांभाळली जात नाही, सबब रिपोर्ट बंद करत आहोत.

त्या दिवशी मला फार राग आला. इतकं नीट लिहूनही कोणी ढुंकून पाहिलं नाही, असंच वाटलं. खरं काय झालं होतं ते कळायला आणखी वर्ष गेलं. ज्या माणसाला तो रिपोर्ट वाचून पाच मिनिटांत काहीतरी उमगलं असतं, त्याच्या नजरेसमोर तो कधी आलाच नव्हता. जिथे मी तो टाकला, तिथल्या माणसांना तो समजण्यासारखा नव्हता. पुढे कोणाकडे न्यायचा हे त्यांनाही ठाऊक नसावं. घोंगडं भिजत पडलं ते असं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात तक्रारीची एकच खिडकी नसते, हेच मला माहीत नव्हतं. वापरणाऱ्याला पडदा एकच दिसतो. ‘टचपॅड चालत नाही’ हेही एकच वाक्य. पण त्या वाक्याखाली मजल्यावर मजले आहेत. सगळ्यात वर डेस्कटॉपच्या सेटिंग्ज. त्याखाली बोटांच्या हालचालींचा अर्थ लावणारी लिबइनपुट ही लायब्ररी. त्याखाली कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, इनपुट सबसिस्टिम, मग टचपॅडची भाषा जाणणारा एचआयडी ड्रायव्हर, मग त्या चिपपर्यंत निरोप नेणारी आय-टू-सी बस आणि तिचा कंट्रोलर, आणि तळाशी लॅपटॉपचं फर्मवेअर. प्रत्येक मजल्यावरची माणसं वेगळी, त्यांची बोलण्याची जागा वेगळी. लिबइनपुटची मंडळी गिटलॅबवर भेटतात, कर्नलची मुख्यतः मेलवर. आणि या सगळ्याची मोट बांधून ती आपल्या मशीनपर्यंत आणणारं जे वितरण, तिथली माणसं आणखी निराळी.

डेबियन या लिनक्स वितरणात या वाहतुकीला सरळ शब्द आहेत. प्रत्येक पॅकेजला कोणीतरी मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, असतो. बग चुकीच्या पॅकेजवर लागला असेल तर तो ‘रीअसाइन’ करायचा. बग मूळ प्रकल्पाचा असेल तर तिकडे कळवून इथे ‘फॉरवर्डेड’ अशी खूण करायची. वाचायला सोपं वाटतं. पण हे कोणीतरी हाताने करतं. रिपोर्ट वाचायचा, तो आपला नाही हे ओळखायचं, मग कोणाचा ते ठरवायचं, तिकडच्या पद्धतीने पुन्हा मांडायचा आणि उत्तर आलं की ते इकडे आणून द्यायचं. एकेका माणसाच्या नावावर अनेक पॅकेजं असतात, त्यामुळे यातली एखादी पायरी गळणं अगदी स्वाभाविक आहे. बग असा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो त्याला ‘बग टॉसिंग’ म्हणतात. २००९ साली एक्लिप्स आणि मोझिला या दोन मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास झाला होता, त्यात ३७ ते ४४ टक्के बग कधी ना कधी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिले गेलेले आढळले. तिथे नेमणुका करणारी, नाव टाकणारी माणसं प्रकल्प जाणणारी होती. तरी हे प्रमाण.

एका सुट्टीत मी ठरवलं की हा बग आपणच शेवटपर्यंत पोचवायचा. कर्नलच्या दस्तऐवजांत तक्रार कशी करावी यावर एक लांबलचक प्रकरण आहे. ते पहिल्यांदा वाचताना मी अधीर झाले होते, कारण ‘लिहायचं काय’ याच्या बरोबरीने ‘पाठवायचं कुठे’ यावर पानंच्या पानं होती. आज मला त्या प्रकरणाबद्दल कृतज्ञता वाटते. त्यात स्पष्ट लिहिलंय की बहुतेक मेंटेनरांना तक्रार मेलने हवी असते आणि कर्नलच्या बगझिला या बगट्रॅकरवर टाकलेली नोंद त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. त्यात हेही आहे की वितरणाने आपले बदल घालून दिलेल्या कर्नलवर नव्हे, ताज्या मूळ कर्नलवर बग दिसतो का ते आधी बघा. बाहेरचा बंदिस्त ड्रायव्हर घातल्याने कर्नल ‘टेंटेड’, म्हणजे दूषित, झालेला नाही ना ते बघा. आणि पूर्वी चालत असलेली गोष्ट आता मोडली असेल, म्हणजे रिग्रेशन असेल, तर कोणत्या बदलाने मोडली ते शोधा.

शोधायचं साधन म्हणजे गिट बाइसेक्ट, कोडच्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिटमधली एक आज्ञा. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि एकेका आवृत्तीत तेरा-चौदा हजार बदल असतात. त्यातला एक शोधायचा. बरोबर मधल्या बदलावर उभं राहायचं, कर्नल बांधायचा, मशीन सुरू करायचं, झोपवायचं, जागं करायचं, टचपॅडवर बोट ठेवायचं. चालला तर ‘गुड’, नाही तर ‘बॅड’. दर फेरीत निम्मे बदल संशयातून सुटतात. चौदा हजारांतून एकावर यायला चौदा फेऱ्या पुरतात. माझ्या मशीनवर एकेक कर्नल बांधायला तासाच्या वर लागायचा, म्हणून दोन रात्री आणि एक दिवस गेला. मी जिना चढल्यासारखी आकडे मोजत होते.

चौदाव्या फेरीला हाती आलेलं कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदलेला एक बदल, बघून मी थक्क झाले. त्यात टचपॅड हा शब्दच नव्हता. आय-टू-सी कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये कोणीतरी वीज वाचवण्यासाठी सुधारणा केली होती आणि ती करताना जागं होण्याच्या दोन पायऱ्यांचा क्रम बदलला होता. कंट्रोलर तयार होण्याआधीच टचपॅडकडून उत्तराची अपेक्षा केली जात होती. उत्तर येत नव्हतं आणि वरचा ड्रायव्हर त्याला मेलेला समजून सोडून देत होता. म्हणजे वर्षभर मी ज्यांना दोष देत होते त्या मजल्यावर चूक नव्हतीच. मी इनपुटवाल्यांकडे गेले असते तरी त्यांनी काय केलं असतं? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लक्षण एका घरात आणि कारण दुसऱ्यात, हे संगणकात इतक्या वेळा घडतं की आता कुठलाही रिपोर्ट वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

आता प्रश्न होता, या ड्रायव्हरचं कोण बघतं?

कर्नलच्या कोडच्या मुळाशीच ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल आहे. साधा मजकूर, वीस हजारांहून जास्त ओळी. ती मी त्या रात्री पहिल्यांदा उघडली आणि पुष्कळ वेळ नुसती वाचत बसले. कामाचं तर दोन मिनिटांत सापडलं होतं. प्रत्येक नोंदीवर एका भागाचं नाव, खाली एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी. ‘एम’ म्हणजे सांभाळणाऱ्याचं नाव आणि पत्ता. ‘आर’ म्हणजे रिव्ह्यू करणारा, ज्याला प्रत पाठवावी असा माणूस. ‘एल’ म्हणजे मेलिंग लिस्ट, ‘टी’ म्हणजे त्यांचं स्वतःचं गिट-झाड, ‘बी’ म्हणजे बग कुठे नोंदवायचे ती जागा. ‘एफ’ म्हणजे कोणत्या फाइली त्यांच्या, ‘एक्स’ म्हणजे त्यातल्या कोणत्या नाहीत. ‘के’ची गंमत मला फार आवडली. फाइल कुठेही असो, तिच्यात अमुक शब्द आला तर आम्हाला कळवा, असं त्या ओळीने सांगता येतं. कोणाची काळजी एखाद्या जागेशी बांधलेली असते, कोणाची एखाद्या शब्दाशी.

आणि ‘एस’ म्हणजे स्थिती. तिथे माझं मन अडकलं. ‘सपोर्टेड’ म्हणजे या कामासाठी कोणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी खरोखर लक्ष देतं. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, पण अधूनमधून एखादा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा तुकडा, घेण्यापलीकडे त्याच्याकडे वेळ नाही. ‘ऑर्फन’ म्हणजे सध्या कोणी नाही. आणि त्या व्याख्येच्या पुढेच कंसात सुचवलंय की नवा कोड लिहिता लिहिता कदाचित तुम्हीच ही जागा घ्याल. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे कालबाह्य. सरकारी नोंदवहीत न बसणारी प्रांजळता आहे ही. ‘मी आहे, पण मला वेळ नाही’ असं जगाला लिहून सांगायला एक अधिकृत शब्द आहे, याचं मला त्या रात्री फार बरं वाटलं. फाइलच्या अगदी शेवटी ‘द रेस्ट’ नावाची नोंद येते, वरच्या कोणातच न बसलेल्या सगळ्यासाठी. तिथे कर्नलचा जनक लिनस टोर्वाल्ड्सचं नाव आहे आणि स्थितीच्या रकान्यात लिहिलंय की तक्रारदारांच्या ढिगाखाली जिवंत गाडला गेलेला.

ती ओळ उगीच आलेली नाही. १९९१ मध्ये कर्नल सुरू झाला तेव्हा सगळे पॅच त्या एका माणसाकडे जात. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून लोक कळवळून सांगू लागले की एका माणसाला हे झेपणं शक्य नाही. पाठवलेले पॅच हरवतात, मिळाले की नाही हेही कळत नाही, पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. २००२ च्या सुरुवातीला त्यावरून मोठा वाद झाला. पॅच गोळा करून नीट पोचवणारा एक स्वतंत्र माणूस नेमावा, असं सुचवलं गेलं. तसं झालं नाही. आज जी व्यवस्था दिसते ती विश्वासाच्या साखळीची आहे: ड्रायव्हरवाला सबसिस्टिमवाल्याला देतो, तो वर देतो, आणि वरचा माणूस प्रत्येक ओळ वाचण्यापेक्षा देणाऱ्याला ओळखतो. २००५ मध्ये आलेलं गिट या साखळीच्या मापाने बेतलेलं आहे. साखळीची खालची कडी चुकली तर वरच्यांना आपला पॅच आल्याचं कळतही नाही, म्हणून मेंटेनर्स फाइल इतकी महत्त्वाची.

फाइल हाताने धुंडाळावी लागू नये म्हणून कर्नलमध्येच ‘गेट मेंटेनर’ ही पर्लमधली स्क्रिप्ट आहे. पॅच तिला द्यायचा किंवा फाइलचं नाव सांगायचं. ती नावांची यादी काढून देते, कोण कुठल्या नात्याने यादीत आलंय त्याच्यासकट. नेमकी नोंद सापडली नाही किंवा तसं सांगितलं, तर ती गिटच्या इतिहासात शिरते आणि गेल्या वर्षभरात या फाइलीवर कोणाच्या किती सह्या आहेत ते टक्केवारीने सांगते. यंत्रंही तिच्यावरच विसंबतात. सिझबॉट हा गूगलचा बॉट कर्नलवर सतत उलटसुलट मारा करून बग शोधतो. सापडलेल्या क्रॅशच्या मागावरून दोषी फाइल कोणती असावी याचा अंदाज बांधतो आणि त्या फाइलीची माणसं या स्क्रिप्टकडूनच विचारून घेतो. म्हणजे फाइलीत एक नाव शिळं राहिलं, तर त्या शिळ्या पत्त्यावर यंत्र न थकता पत्रं टाकत राहणार.

मला यादीत अकरा पत्ते मिळाले. मी घाबरले. अकरा अनोळखी माणसांना एकदम मेल करायचा? आणि तो कोणाच्या नावे? सगळ्यांना लिहिलं की कोणालाच लिहिलेलं नसतं. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. तेव्हा मी यादीतल्या एकेका नावापुढे ते तिथे का आलंय ते वाचायला सुरुवात केली. दोघं त्या ड्रायव्हरचे मेंटेनर. एक आख्ख्या आय-टू-सीचे. एक रिव्ह्यूवाले. तीन लिस्ट. उरलेले चौघं इतिहासातून आलेले: एकाने त्या फाइलीतल्या एका फंक्शनचं नाव बदललं होतं, पण ते शेकडो फाइलींमध्ये एकदम बदललं होतं, एकाने रिकाम्या जागा नीट केल्या होत्या, एकाने शुद्धलेखन सुधारलं होतं. चौथा तो, ज्याने क्रम बदलला.

गिट ब्लेममध्येही हाच धोका आहे. त्या आज्ञेचं नाव दोष देणारं असलं तरी ती एवढंच सांगते की या ओळीला शेवटचा हात कोणी लावला. शेवटचा हात लावणारा तो कोड जाणतोच असं नाही. एखाद्या प्रकल्पाने एक दिवस सगळा कोड नव्या पद्धतीने मांडून घेतला की हजारो ओळींवर त्या दिवशीच्या माणसाचं नाव चढतं आणि त्याआधी वर्षानुवर्षं विचार करून त्या लिहिणारे अदृश्य होतात. २०१९ च्या गिट २.२३ पासून अशा कमिटांची यादी देऊन त्यांना वगळून मागे बघता येतं. माणसांचे बदललेले पत्ते जुळवायला मेलमॅप नावाची फाइल असते. पण कितीही साधनं दिली तरी शेवटी कमिटचा मजकूर उघडून वाचावाच लागतो. ज्याने ‘असं का केलं’ हे तीन परिच्छेद लिहून समजावलंय, त्याला त्या कोडची काळजी आहे. मी आजही आधी टक्के बघत नाही, तो मजकूर बघते.

मेल ज्याने क्रम बदलला त्याच्या आणि ड्रायव्हरच्या मेंटेनरच्या नावे लिहिला. प्रत सबसिस्टिमच्या लिस्टला आणि रिग्रेशनच्या लिस्टला. नाव बदलणाऱ्याला, रिकाम्या जागावाल्याला आणि शुद्धलेखनवाल्याला वगळलं. विषयात ‘रिग्रेशन’ आणि ड्रायव्हरचं नाव. पहिल्याच ओळीत कमिटचा क्रमांक. दुसऱ्या मेंटेनरला पाठवलेली प्रत लगेच परत आली. तो पत्ता त्यांच्या जुन्या नोकरीचा होता आणि नोकरीबरोबर तोही संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. ज्याने क्रम बदलला त्यानेच लिहिलं होतं. आधी आभार, मग ‘जागं होतानाचा हा लॉग पाठवू शकाल का?’ लॉग पाठवला. संध्याकाळी सहा ओळींचा पॅच आला. तो लावला, मशीन वीस वेळा झोपवलं, वीस वेळा जागं केलं. वीसही वेळा कर्सर हलला. काही आठवड्यांनी ते कमिट मूळ कर्नलमध्ये आलं, खाली ‘फिक्सेस’ म्हणून जिथे चूक शिरली त्या कमिटचा क्रमांक, ‘रिपोर्टेड-बाय’ माझं नाव, ‘टेस्टेड-बाय’ माझं नाव. जुन्या स्थिर आवृत्त्यांतही तो जावा म्हणून स्टेबलच्या पत्त्याला प्रत. आठ महिने अधिक एक वर्ष जे अडलं होतं ते दोन दिवसांत सुटलं. बग तोच होता, मी तीच होते. मजकूरही बहुतेक तोच, कमिटच्या क्रमांकाची तेवढी भर.

पुढे इतर प्रकल्पांत काम करताना निरनिराळ्या रीती बघितल्या. गिटहबवर २०१७ पासून ‘कोडओनर्स’ फाइल असते: कोणत्या फाइलीला कोण, हे लिहून ठेवलं की पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती, आल्यावर त्यांना आपोआप रिव्ह्यूसाठी बोलावणं जातं. कर्नलमध्ये जुळणाऱ्या सगळ्या नोंदी गोळा होतात. गिटहबवर मात्र सगळ्यात शेवटी जुळलेली ओळ तेवढी लागू. कोणी चांगल्या हेतूने तळाशी ‘बाकी सगळं मुख्य चमूकडे’ अशी ओळ घातली की वरच्या साऱ्या ओळी गप्प होतात. हे मी एका प्रकल्पात प्रत्यक्ष घडलेलं पाहिलंय, आणि कित्येक आठवडे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कुबरनेटिस या मोठ्या प्रकल्पात फोल्डरागणिक ‘ओनर्स’ फाइली असतात. रिव्ह्यू करणारे वेगळे, मंजुरी देणारे वेगळे, आणि जे आता निवृत्त झालेत त्यांच्यासाठीही एक रकाना. नाव पुसून न टाकता ‘हे पूर्वी बघायचे, आता त्यांना त्रास देऊ नका’ असं सांगणारा तो रकाना मला सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत सुसंस्कृत भाग वाटतो.

फ्लॉपीची गोष्टही सांगायलाच हवी. २०१९ च्या जुलैमध्ये कर्नलचा फ्लॉपी ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदवला गेला, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालणारा फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता. त्याच वेळी एक जण त्या कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधून दुरुस्त्या पाठवत होता. पुढे मेंटेनर म्हणून त्याचंच नाव लागलं, स्थिती ‘ऑड फिक्सेस’. कंसातलं ते वाक्य खरं झालं.

मग एक दिवस माझंही नाव अशाच एका फाइलीत गेलं. संगणकातल्या तापमानाचे, पंख्यांचे सेन्सर वाचणारी छोटी लायब्ररी, तिच्या एका कोपऱ्याची मी राखणदार. सुरुवातीला फार अभिमान वाटला. येणारी प्रत्येक पुल रिक्वेस्ट मी त्याच दिवशी वाचायचे. नंतर घरात आजारपण आलं, माझा वेळ आटला, आणि लायब्ररी माझ्या मनाच्या कडेला गेली. फाइलीतलं नाव मात्र तसंच. त्या काळात एका नवख्या मुलीने पॅच पाठवला होता. नियमाप्रमाणे तो आपोआप माझ्याकडे आला. माझं नाव तिथे असल्यामुळे दुसऱ्या कोणी हात लावला नाही. त्यांना वाटलं, ती बघेल. सहा आठवड्यांनी मी उघडलं तर तिचे तीन निरोप होते. पहिला उत्साहाचा, दुसरा विनयाचा, तिसरा एका ओळीचा: ‘बहुतेक हे उपयोगाचं नसावं, बंद करते.’ पॅच अगदी बरोबर होता.

मी तिला लिहिलं, क्षमा मागितली, पॅच घेतला. ती पुन्हा आली नाही. आठ महिने वाट बघणारी मी होते तेव्हा मला काय वाटलं होतं, हे मला आठवत होतं, आणि तेच मी तिच्या वाट्याला आणलं होतं. त्याच दिवशी मी फाइलीतलं माझं नाव काढून तिथे दोघांची नावं घातली, दोघांना विचारून. वर्षभराने सवड झाली तेव्हा परत गेले, पण या वेळी तिसरी म्हणून. आणि दर तीन महिन्यांनी ती फाइल उघडून प्रत्येक नावापुढे ‘हे अजून इथे आहेत का?’ हे विचारायचं काम मी मागून घेतलंय. कोड कुजला तर चाचण्या बोंब मारतात. नाव शिळं झालं तर काहीच मोडत नाही, फक्त येणारी माणसं गुपचूप परत जातात. गिटहबवरच्या १३३ लोकप्रिय प्रकल्पांच्या एका पाहणीत ६५ टक्के प्रकल्प असे निघाले होते, जिथे एक किंवा दोन माणसं गेली तर काम ठप्प होईल. अशा ठिकाणी पत्त्यांची वही म्हणजे एखाददुसरं नाव. ते तरी जागं हवं.

फाइलीतलं नाव हाच योग्य पत्ता असतो का? २०२४ च्या मार्चपर्यंत मी ‘हो’ म्हटलं असतं. त्या महिन्यात पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर मोजमाप करत होते आणि त्यांना दिसलं की एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेड या, माहिती दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपर्यंत पोचले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातलेला होता. तो घालणारी व्यक्ती दोनेक वर्षं मन लावून योगदान देत, थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास मिळवत, स्वतः मेंटेनर झाली होती. चोरदरवाजाला जागं करणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त प्रकाशित गठ्ठ्यांत होती.

आता विचार करा, हे कळवायचं कोणाला? कुठलीही स्क्रिप्ट, कुठलीही फाइल एकच उत्तर देणार: प्रकल्पाच्या मेंटेनरला. म्हणजे जिने हे केलं तिलाच. फ्रॉइंड यांनी २९ मार्चला जे जाहीर केलं त्यात त्यांनी लिहिलंय की मूळ प्रकल्पाचाच हात दिसत असल्यामुळे तिकडे त्यांनी नोंद केली नाही. आधी हा बग डेबियनपुरता असावा असं वाटून त्यांनी डेबियनच्या सुरक्षा चमूला प्राथमिक कळवलं होतं. मग वितरणांच्या खासगी सुरक्षा लिस्टला, आणि मग सर्वांना. हा क्रम मी कित्येकदा वाचलाय. त्यांनी नियम मोडले नाहीत. आपल्या बातमीने कोणाचं रक्षण व्हायला हवंय हे बघून त्या माणसांचे पत्ते शोधले. त्यांच्या तांत्रिक कौशल्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, ते योग्यच. मला मात्र त्या लिफाफ्यावरच्या नावांची निवड तितकीच मोठी वाटते.

गेल्या महिन्यात आमच्या लायब्ररीवर एक रिपोर्ट आला. एका मशीनवर तापमान उणे दाखवतं. लिहिणारा विद्यार्थी होता, पहिल्यांदाच लिहीत होता, आणि खूप लिहिलं होतं. मी वाचलं. आकडा आमच्याकडे येण्याआधीच बिघडलेला होता, कर्नलच्या सेन्सर ड्रायव्हरमध्ये. ‘हे आमचं नाही’ असं लिहून बंद करणं बरोबर ठरलं असतं. मी स्क्रिप्ट चालवली. स्थिती ‘ऑड फिक्सेस’, एकच नाव. त्या माणसाची गेल्या दोन वर्षांतली कमिटं वाचली. थोडीच होती, पण प्रत्येकाखाली कारण नीट लिहिलेलं. विद्यार्थ्याला विचारलं की तुझ्या नावाने मेल जाईल, चालेल ना? त्याने मसुदा पाठवला, मी तो निम्मा करून दिला, पहिल्या ओळीत ड्रायव्हरचं नाव आणि चुकीचा आकडा आणला. लिस्टला प्रत, मला प्रत. मग आम्ही थांबलो.

नऊ दिवसांनी उत्तर आलं, विद्यार्थ्याच्या नावे. उशीर झाला म्हणून दिलगिरी, दोन प्रश्न, आणि ‘चिपची रजिस्टरं वाचून पाठव.’ विद्यार्थ्याने मला वेगळा मेल करून विचारलं की रजिस्टरं वाचायची म्हणजे काय. रजिस्टरं म्हणजे चिपच्या आतल्या आकडे साठवायच्या जागा; आज्ञा काय द्यायची ते मी सांगितलं. उत्तर त्याने तिकडे परस्पर पाठवलं, तिकडून पुन्हा प्रश्न आला, त्याने पुन्हा उत्तर दिलं. चौथ्या मेलपासून मला काही विचारायची त्याला गरज राहिली नव्हती. प्रती अजून येतात, मी वाचते.